जुन्या वर्डमध्ये डिफॉल्ट फॉन्ट टिकत नसेल तर काय तपासावं

तुम्ही फॉन्ट निवडता, ‘डिफॉल्ट’चं बटण दाबता, वर्ड जे विचारतं त्याला ‘येस’ म्हणता आणि तो दिवस सुरळीत जातो. दुसऱ्या दिवशी नवी फाइल उघडावी, तर पुन्हा टाइम्स न्यू रोमन हजर. वर्ड ९७, २००० किंवा २००३ अजूनही रोज वापरणाऱ्यांच्या वाट्याला हे वरचेवर येतं. मग आपण तीच कृती पुन्हा करतो, परवा पुन्हा करतो. कृती बहुतेक वेळा बरोबरच असते. गडबड होते ती नंतर, वर्ड बंद होताना.

तरीही सुरुवात कृतीपासूनच करू, कारण तिथेही चुका होतात. टूलबारवरच्या फॉन्टच्या चौकटीत नाव बदललं तर बदल त्या फाइलपुरताच होतो, तोही जिथे कर्सर आहे तिथून पुढे. कायमचा बदल हवा असेल तर ‘फॉरमॅट’ मेन्यूत ‘फॉन्ट’ उघडायचं आणि त्या खिडकीत खाली डावीकडे असलेलं ‘डिफॉल्ट’ दाबायचं. हे करण्याआधी कोरी फाइल घ्या आणि कर्सर साध्या ओळीवर ठेवा. ही खिडकी उघडते तेव्हा कर्सर जिथे असेल तिथलं सगळं सोबत घेऊन उघडते: आकार, रंग, ठळकपणा, शेजारच्या टॅबमधलं अक्षरांमधलं अंतरसुद्धा. ‘डिफॉल्ट’ दाबलं की हे सगळं एकगठ्ठा डिफॉल्ट होतं. लाल ठळक मथळ्यावर कर्सर असताना बटण दाबलंत, तर उद्यापासून प्रत्येक नवी फाइल लाल ठळक अक्षरांनी सुरू होईल.

बटण दाबल्यावर वर्ड जे विचारतं ते सहसा न वाचताच मान्य केलं जातं. त्या दोन ओळींचा अर्थ असा, की हा बदल नॉर्मल टेम्प्लेटवर आधारलेल्या सगळ्या नव्या फाइलींना लागू होईल. टेम्प्लेट म्हणजे ज्याच्यावरून नव्या फाइली तयार होतात तो नमुना. त्यातले ‘नॉर्मल टेम्प्लेट’ आणि ‘नव्या’ हे शब्द नीट लक्षात ठेवा. या दुखण्याची जवळजवळ सगळी कारणं तिथेच सापडतात.

फॉन्ट साठतो कुठे

डिफॉल्ट फॉन्ट वर्डच्या मूळ प्रोग्रॅममध्ये साठत नाही आणि विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या नोंदवहीतही साठत नाही. पुष्कळ जण रजिस्ट्रीतली वर्डची ‘डेटा’ नावाची नोंद उडवायला सांगतात. तिचा उपयोग इतर काही तक्रारींवर होतो, पण फॉन्ट तिथे नसतोच, त्यामुळे या तक्रारीसाठी तिला हात लावू नका. फॉन्ट असतो नॉर्मल.डॉट या फाइलमध्ये, म्हणजेच नॉर्मल टेम्प्लेटमध्ये, तिच्यातल्या ‘नॉर्मल’ नावाच्या स्टाइलमध्ये. स्टाइल म्हणजे फॉन्ट, आकार वगैरेंचा नाव दिलेला संच. आपण कोरी फाइल उघडतो म्हणजे वर्ड या टेम्प्लेटची एक नक्कल आपल्या हातात देतं.

तुम्ही ‘डिफॉल्ट’ दाबता तेव्हा बदल होतो तो मेमरीत उघड्या असलेल्या नॉर्मल.डॉटमध्ये. डिस्कवरच्या फाइलमध्ये तो एरवी उतरतो वर्ड रीतसर बंद होताना. मधल्या वेळात वर्ड अडकलं, तुम्ही ते टास्क मॅनेजरमधून बंद पाडलं किंवा मशीनच गेलं, तर फॉन्ट कितीही वेळा निवडलेला असो, डिस्कवर जुनंच राहतं. दिवसभर फॉन्ट बरोबर दिसणं आणि सकाळी नाहीसा होणं याचा उलगडा इथे होतो.

यावर एक सोपा उपाय आहे, जो मेन्यूत एरवी दिसत नाही. शिफ्टची कळ दाबून धरा आणि मग ‘फाइल’ मेन्यूवर क्लिक करा. ‘सेव्ह’च्या जागी ‘सेव्ह ऑल’ दिसेल. त्याने उघड्या फाइली तर साठतातच, टेम्प्लेटही तिथल्या तिथे साठतं. फॉन्ट बदलल्यावर लगेच हे करा. ज्यांचं वर्ड वारंवार कोसळतं त्यांचा प्रश्न बहुधा इथेच सुटतो.

तरीही फॉन्ट टिकला नाही, तर नॉर्मल.डॉटमध्ये लिहिलंच जात नाहीये, किंवा लिहिलेलं नंतर मागे जातंय. आता कारण शोधायला लागू.

फाइल गाठा आणि वेळ बघा

‘टूल्स’ मेन्यूत ‘ऑप्शन्स’, तिथे ‘फाइल लोकेशन्स’ हा टॅब. ‘यूझर टेम्प्लेट्स’ या ओळीपुढे फोल्डरचा पत्ता असतो. तो लांब असेल तर अर्धाच दिसतो. ‘मॉडिफाय’ दाबा म्हणजे पूर्ण वाचता येईल, आणि वाचून झालं की ‘कॅन्सल’ करा. वर्ड २००० आणि २००३ मध्ये हा फोल्डर ‘ॲप्लिकेशन डेटा’च्या आत, ‘मायक्रोसॉफ्ट’, मग ‘टेम्प्लेट्स’ असा असतो. ‘ॲप्लिकेशन डेटा’ लपवलेला असू शकतो, म्हणून फोल्डर ऑप्शन्समधून लपवलेल्या फाइली दाखवायला सांगा. वर्ड ९७ मध्ये तो ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधल्या ‘मायक्रोसॉफ्ट ऑफिस’च्या आत असतो. या फरकाचं महत्त्व पुढे येईल.

विंडोजच्या शोधयंत्रणेने फाइल शोधलीत तर एकाहून जास्त नॉर्मल.डॉट सापडू शकतात. वर्ड वापरतं ती फक्त वर सांगितलेल्या पत्त्यावरची. त्याच मशीनवर वर्ड २००७ किंवा त्यापुढचं वर्डही असेल तर आणखी एक घोळ होतो. नवं वर्ड नॉर्मल.डॉटएम ही वेगळी फाइल वापरतं आणि ती त्याच फोल्डरमध्ये राहते. एक्स्टेन्शन, म्हणजे फाइलच्या नावाची बिंदूनंतरची शेपटं, लपवलेली असतील तर दोन्हींचं नाव नुसतं ‘नॉर्मल’ असं दिसतं. एकातला बदल दुसऱ्याला कळत नाही. एक्स्टेन्शन दाखवायला सांगितल्याशिवाय त्या फोल्डरमध्ये काहीही उडवू नका.

फाइल सापडली की ‘डीटेल्स’ दृश्यात तिच्यापुढची बदलाची तारीख आणि वेळ कागदावर टिपा. वर्ड उघडा, फॉन्ट बदला, ‘डिफॉल्ट’ दाबा, वर्ड पूर्ण बंद करा. परत वेळ बघा. वेळ पुढे सरकली असेल तर लिहिणं झालं आहे आणि फॉन्ट नंतर कुणीतरी मागे नेतं आहे. वेळ तीच असेल तर लिहिणंच अडलं आहे. या एका चाचणीने अर्धी कारणं बाद होतात, म्हणून ती टाळू नका.

सोबत ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’, ‘सेव्ह’ इथे ‘प्रॉम्प्ट टू सेव्ह नॉर्मल टेम्प्लेट’वर खूण करून ठेवा. मग बंद होताना वर्ड गुपचूप काही करणार नाही, विचारेल. तुम्ही काहीही बदललेलं नसताना ते रोज विचारू लागलं, तर एखादा मॅक्रो (वर्डमध्ये साठवलेला छोटा प्रोग्रॅम) किंवा ॲड-इन (वर्डला जोडलेला जादा प्रोग्रॅम) टेम्प्लेटला हात लावतो आहे असं समजा.

लिहिणं का अडतं

माझ्याकडे विंडोज ९८ आणि वर्ड २००० असलेलं एक मशीन आहे. त्याची हार्ड डिस्क बदलल्यावर जुन्या सीडीवर जपून ठेवलेली नॉर्मल.डॉट मी परत जागेवर आणून ठेवली. तिच्यात माझे मॅक्रो होते, टूलबार होते, सगळं होतं तसं परत आलं. फक्त फॉन्ट काही केल्या टिकेना. बंद करताना वर्ड मध्येच ‘सेव्ह ॲज’ची खिडकी दाखवायचं आणि मी घाईत ती ‘कॅन्सल’ करायचो. कित्येक दिवसांनी त्या फाइलवर उजवं क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडल्या, तर ‘रीड-ओन्ली’वर खूण. सीडीवरून नक्कल केलेल्या फाइलीवर विंडोज ९८ ही खूण तशीच ठेवतं. खूण काढली, वर्ड उघडलं, फॉन्ट बदलला, बंद केलं. फाइलची वेळ पुढे सरकली आणि तेव्हापासून तो फॉन्ट तिथेच आहे. बंद करताना वर्ड नॉर्मल.डॉट दुसऱ्या नावाने साठवायला सांगत असेल तर आधी ही खूण बघा.

दुसरं कारण म्हणजे मागे चालू राहिलेलं वर्ड. सगळ्या खिडक्या बंद दिसतात, पण विनवर्ड ही प्रोसेस जिवंत असते आणि नॉर्मल.डॉट तिच्या ताब्यात असते. मग तुम्ही उघडलेलं दुसरं वर्ड त्या फाइलवर लिहू शकत नाही, आणि फाइल आधीच दुसरीकडे उघडी आहे अशा अर्थाचा संदेश येतो. वर्ड बंद करून एक्सपीवर टास्क मॅनेजरच्या ‘प्रोसेसेस’ टॅबमध्ये, विंडोज ९८ वर कंट्रोल-ऑल्ट-डिलीटच्या यादीत बघा. तिथे विनवर्ड दिसलं, तर ते कोण चालवतंय ते शोधा. नेहमीचा मानकरी म्हणजे आउटलुक. त्याच्या ‘ऑप्शन्स’मध्ये ‘मेल फॉरमॅट’ टॅबवर पत्रं लिहायला वर्ड वापरण्याची सोय असते. ती चालू असली की आउटलुक उघडं असेपर्यंत मागे वर्डही चालतं. डिफॉल्ट फॉन्ट बदलायचा असेल तेव्हा आउटलुक आधी बंद करा. एकच नॉर्मल.डॉट नेटवर्कवर ठेवून अनेकांनी वापरणं हाही यातलाच प्रकार. ती प्रत्येकाची वेगळीच हवी. सामाईक नमुन्यांसाठी वर्डमध्ये ‘वर्कग्रुप टेम्प्लेट्स’ची स्वतंत्र जागा दिलेली आहे.

वर्ड ९७ नव्या विंडोजवर चालवणाऱ्यांसाठी कारण वेगळं आहे. वर म्हटलं तसं त्याची टेम्प्लेटं ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये असतात. एक्सपीवर मर्यादित अधिकारांच्या खात्याला तिथे लिहिता येत नाही. व्हिस्टा आणि विंडोज ७ वर तर विंडोज ते लिखाण परस्पर वळवून वापरकर्त्याच्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ या फोल्डरमध्ये नेऊन ठेवतं. मग डिस्कवर दोन नॉर्मल.डॉट तयार होतात, तुम्ही एक तपासत बसता आणि वर्ड दुसरी वाचत असतं. वर्ड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलं की एक फॉन्ट आणि साधं उघडलं की दुसरा, हे याचं लक्षण. अधिकारांशी झगडण्यापेक्षा ‘माय डॉक्युमेंट्स’मध्ये टेम्प्लेटांसाठी एक फोल्डर करा, नॉर्मल.डॉट तिथे न्या आणि ‘फाइल लोकेशन्स’मध्ये ‘यूझर टेम्प्लेट्स’चा पत्ता तिकडे वळवा. माझ्या मते वर्ड ९७ च्या प्रत्येक वापरकर्त्याने हे पहिल्याच दिवशी करून टाकावं. नक्कल जपून ठेवायलाही ते सोपं पडतं.

वेळ पुढे सरकते आणि तरीही फॉन्ट मागे जातो, असं असेल तर संपूर्ण डिस्कच मागे जात नाही ना, ते बघा. जुनं वर्ड आता पुष्कळ जण व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात चालवतात. स्नॅपशॉटवर, म्हणजे त्या मशीनच्या आधी साठवलेल्या स्थितीवर परत गेलात की नॉर्मल.डॉटही त्या दिवशीची होते. फॉन्ट बदलून, वर्ड बंद करून, मग नवा स्नॅपशॉट घ्या.

मॅक्रोंचंही बघायला हवं. ऑल्ट-एफ८ दाबून यादी काढा. ‘ऑटोन्यू’ नावाचा मॅक्रो प्रत्येक नव्या फाइलीसोबत आपोआप चालतो, ‘ऑटोएक्झेक’ वर्ड उघडताना चालतो. एखाद्याने सोयीसाठी ‘ऑटोन्यू’मध्ये फॉन्ट ठरवून ठेवला असेल, तर तुमच्या डिफॉल्टचं काही चालणार नाही. अशा नावाचा मॅक्रो तुम्ही लिहिलेला नसेल आणि तो कुठून आला हे कळत नसेल, तर आधी व्हायरसची तपासणी करा. १९९५ सालचा कॉन्सेप्ट आणि १९९९ सालचा मेलिसा हे दोन्ही मॅक्रो व्हायरस नॉर्मल.डॉटमध्येच घर करायचे. म्हणूनच काही सुरक्षा-प्रोग्रॅम या फाइलवर होणाऱ्या लिखाणावर पहारा ठेवतात, आणि तुमचा साधा फॉन्टही त्यांच्या तावडीत सापडू शकतो. संशय असेल तर वर्डला ‘स्लॅश ए’ (/a) हा स्विच, म्हणजे नावापुढे लिहायची सूचना, देऊन ‘रन’मधून उघडा. त्यात ॲड-इन आणि नॉर्मल.डॉट दोन्ही आपोआप चढत नाहीत, त्यामुळे दोष वर्डचा की टेम्प्लेटचा ते लगेच कळतं.

सगळं तपासून झालं आणि तरीही जमेना, तर फाइल खराब झालेली असू शकते. वर्ड आणि आउटलुक बंद करा, नॉर्मल.डॉटचं नाव बदलून नॉर्मल-जुनी.डॉट करा आणि वर्ड उघडा. वर्ड नवी, स्वच्छ नॉर्मल.डॉट तयार करतं. फाइल उडवू मात्र नका. तिच्यात तुमचे मॅक्रो, ऑटोटेक्स्ट, बदललेले टूलबार आणि स्टाइली असतात. ‘टूल्स’, ‘टेम्प्लेट्स अँड ॲड-इन्स’, ‘ऑर्गनायझर’ इथे डावीकडे जुनी आणि उजवीकडे नवी फाइल उघडून हवं ते एकेक करून आणता येतं. ‘नॉर्मल’ ही स्टाइल तेवढी आणू नका, नाहीतर जुनंच परत येईल.

फॉन्ट बदललाय, पण दिसत नाही

काही तक्रारींमध्ये डिफॉल्ट नीट बदललेलं असतं आणि अपेक्षा वेगळी असते. जुन्या फाइलींना नवा फॉन्ट लागत नाही, कारण प्रत्येक फाइल ‘नॉर्मल’ स्टाइलची स्वतःची नक्कल घेऊन फिरते. ‘टेम्प्लेट्स अँड ॲड-इन्स’मध्ये स्टाइली आपोआप ताज्या करण्याची खूण आहे, पण ती जपून वापरा. पानं उलटीपालटी होतात, आणि तीच फाइल दुसऱ्याच्या मशीनवर उघडली की तिथल्या नॉर्मल.डॉटप्रमाणे बदलते. ‘हेडिंग १’ ते ‘हेडिंग ३’ या मथळ्यांच्या स्टाइलींना स्वतःचा एरियल असतो, त्या डिफॉल्टला जुमानत नाहीत. त्या एकेक बदलाव्या लागतात आणि बदलताना ‘ॲड टू टेम्प्लेट’वर खूण करावी लागते. दुसरीकडून चिकटवलेला मजकूर आपला फॉन्ट घेऊन येतो. तो निवडून कंट्रोल-स्पेस दाबा.

चौकटीत नाव बरोबर आणि अक्षरं मात्र वेगळीच, असं दिसत असेल तर तो फॉन्ट मशीनवर नाहीच. वर्ड नाव तसंच ठेवतं आणि दाखवताना जवळचा दुसरा वापरतं. ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’, ‘कंपॅटिबिलिटी’मध्ये ‘फॉन्ट सब्स्टिट्यूशन’ उघडलं की कशाच्या जागी काय वापरलंय ते कळतं. फॉन्टच्या यादीत नावापुढे प्रिंटरचं छोटं चित्र असेल तर तो फॉन्ट प्रिंटरचा आहे. डिफॉल्ट प्रिंटर बदलला की तो गायब होऊ शकतो. डिफॉल्टसाठी नावापुढे दोन टी असलेला, म्हणजे ट्रूटाइप फॉन्टच निवडा.

देवनागरीसाठी

इथे वर्डच्या एका सोयीमुळेच गोंधळ होतो. वर्ड २००२ आणि २००३ मध्ये रोमन लिपीचा फॉन्ट आणि देवनागरीसारख्या लिप्यांचा फॉन्ट वेगवेगळे नोंदले जातात. तुम्ही वरच्या भागातला फॉन्ट बदलता आणि मराठी मजकूर मंगल या फॉन्टमध्येच राहतो, कारण मराठीसाठी खालचा ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ हा भाग आहे. त्यात फॉन्ट निवडा, आकारही निवडा, कारण तोही वेगळा असतो, आणि मग ‘डिफॉल्ट’ दाबा. हा भाग दिसतच नसेल तर एक्सपीच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’मधून या लिप्यांच्या फाइली बसवा. त्यानंतर ऑफिसच्या ‘लँग्वेज सेटिंग्ज’मध्ये मराठी भाषा चालू करा.

शिवाजी किंवा किरणसारखे युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीचे फॉन्ट वापरत असाल तर नियम उलटे आहेत. त्यात ‘क’ म्हणून दिसणारं अक्षर फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षर म्हणूनच साठलेलं असतं, म्हणून फॉन्ट वरच्याच भागात लावायचा. डिफॉल्ट नाहीसा झाला की नवा मजकूर निरर्थक रोमन अक्षरांत दिसतो. मजकूर गेलेला नसतो, निवडून फॉन्ट परत लावला की वाचता येतो. मात्र हा फॉन्ट डिफॉल्ट केल्यावर ‘ऑटोकरेक्ट’मधली वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करण्याची खूण काढायलाच हवी. रोमनमध्ये मोठं आणि लहान अक्षर एकच असलं तरी या फॉन्टांत त्या दोन कळांवर दोन वेगळी देवनागरी अक्षरं असतात. तुम्ही टाइप करता एक आणि स्पेस दाबताच वाक्याचं पहिलं अक्षर दुसरंच होतं. सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हं करण्याची खूणही काढा, कारण त्या कळांवरही अक्षरं बसवलेली असतात.

सगळं मनासारखं झालं की वर्ड बंद करून नॉर्मल.डॉटची एक नक्कल वेगळ्या ठिकाणी ठेवा. पुढे कधी फॉन्ट गेला तर वर्ड बंद असताना ती जागेवर ठेवायची आणि ठेवल्यावर ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘रीड-ओन्ली’ची खूण नाही ना, तेवढं बघून घ्यायचं.